अप्पांची दाढ आणि नऊपैकी तिसरी सायकल

"जबडा जाईल अप्पा, जबडा! नुसत्या दाढेवर भागायचं नाही आता!"

दातांचे डॉक्टर ओरडत होते आणि त्यांचा आवाज पाटोद्याच्या स्टँडवरून निघून, भाजीबाजाराला वळसा घालून परत येत होता. बीडला निघालेल्या एसटीचा ड्रायव्हर घंटी होऊनही गाडी हलवायला तयार नव्हता, कारण गाडीतल्या पंचावन्न जणांना निकाल ऐकायचा होता. समोर सायकलच्या दुकानात, उलट्या ठेवलेल्या सायकलीपुढं अप्पा उकिडवे बसले होते. डावा गाल असा सुजलेला की त्या बाजूनं पाहिलं तर कुणीतरी पपईला टोपी घालून विभूतीचे पट्टे ओढलेत असं वाटावं.

"आत पू झालाय! उद्या ताप, परवा तोंड उघडणार नाही, तेरवा बीडला न्यावं लागेल. जिवाशी खेळ आहे हा!"

अप्पांनी सूज न हलवता, तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून शब्द सोडले. "सायकल आणा. मंग दाढ घिऊन जा."

"अहो, कुठून आणू? कुणाची ते माहीत नाही, कुठली ते माहीत नाही!"

"मंग दाढेची कावून घाई करता? ती कुठं पळून चालली न्हाई."

डॉक्टरांनी हात जोडले. अप्पांना जोडले की अप्पांच्या गालाला, ते कळलं नाही. एसटी हळहळत निघाली.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी तेव्हा पाटोद्याच्या शाळेत गणित शिकवायचो. माझ्यावर एक जुना आरोप आहे की मी आकडे फुगवून सांगतो. आता गणिताच्या मास्तरानं आकडे फुगवायचे नाहीत तर काय भूगोलाच्या मास्तरानं फुगवायचे? पण अप्पांच्या बाबतीत मी एकही आकडा फुगवलेला नाही. उलट ऐकणाऱ्याला पटावं म्हणून ठिकठिकाणी थोडा कमीच केलाय.

तर ती दाढ. अप्पांच्या तोंडात ती एकटीच उरली होती. डावीकडं, खाली, पार मागं. ओसाड माळावर गाव उठून जावं आणि देऊळ तेवढं राहावं, तशी. आणि ती चावायची दाढ नव्हती. ती ऐकायची दाढ होती.

अप्पा सायकलचं दुखणं दातानं ऐकायचे. सायकल उलटी करायची. हातभर लांब पेचकसाचं टोक चाकाच्या एक्सलवर टेकवायचं, त्याची लाकडी मूठ दाढेखाली धरायची, डोळे किलकिले करायचे आणि चाक फिरवायचं. आतले छर्रे कसे फिरतात, एखादा फुटलाय का, वंगण कधी भरलं होतं, कुणी भरलं होतं, भरणाऱ्याचं त्या दिवशी बायकोशी वाजलं होतं का, हे सगळं लोखंडातून लाकडात, लाकडातून दाढेत आणि दाढेतून सरळ मेंदूत. "कान खोटं बोलतो मास्तर," ते मला म्हणायचे. "कानाला वारा लागतो. दाताला वारा लागत न्हाई."

बत्तीस दात होते तेव्हा म्हणे ते स्टँडवरच्या विजेच्या खांबाला पेचकस लावून घाटात बंद पडलेली एसटी ओळखायचे. हे मी पाहिलेलं नाही, म्हणून मी यावर जोर देत नाही.

दुकानाचे कायदे होते. पहिला कायदा असा की गिऱ्हाइकानं दुखणं सांगायचं नाही. एकदा एक जण सायकल ढकलत आला आणि तोंड उघडून बसला, "अप्पा, ब्रेकच लागंना."

"लागंना? मंग हितं थांबलास कसा बे?"

"तसं न्हाई, पुढचा लागतो, मागचा..."

"सगळं तुलाच ठावं हाय तर माझ्याकडं कावून आणली? जा घरी आन तूच दुरुस्त कर."

त्याला खरोखर परत पाठवला. तो स्टँडला एक फेरी मारून परत आला, सायकल गुपचूप भिंतीला टेकवली आणि जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे असा आभाळाकडं बघत उभा राहिला. तेव्हा अप्पांनी हात लावला.

दुसरा कायदा विभूतीचा. अप्पा पक्के शिवभक्त. कुठल्याही सायकलचा नट उघडायच्या आधी हँडलवर विभूतीची तीन बोटं ओढायचे. "दुसऱ्याच्या पोटात हात घालायचा म्हंजे आधी नमस्कार करावा," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं पाटोद्यात ज्या सायकलीच्या कपाळावर पट्टे, ती बरी झालेली, आणि जिच्यावर नाहीत ती आजारी, हे परगावचा माणूससुद्धा ओळखायचा.

आणि सोयरिकी! हे मात्र लिहिलंच पाहिजे. मुलाकडचं स्थळ आलं की लोक पत्रिका गुरुजींना दाखवायचे आणि पोराची सायकल अप्पांना. आता पोरं मोटारसायकलवर फिरतात, तरी घरात एक जुनी सायकल असतेच. काहीतरी निमित्त काढून ती पळवून आणायची. असंच एकदा एका बापानं आणली. अप्पांनी पेचकस दाढेखाली धरला, चाक फिरवलं, आणि मूठ तोंडातून काढून निकाल दिला.

"घंटी चकचकीत हाय, चेन कोरडी हाय. पोरगं चारचौघांत लई गोड बोलंल, घरात पाण्याचा तांब्या उचलायचं न्हाई."

बापानं स्थळ मोडलं. तेच पोरगं पुढं पंचायतीत निवडून आलं, यावरून अप्पांचं निदान किती बिनचूक होतं ते समजावं.

अशा माणसाला गर्व होणारच. रस्त्यात उभं राहून छाती फुगवणारा गर्व नव्हे. पाना पुसता पुसता सहज बोलावं तसा. "बीड जिल्ह्यात अशी सायकल न्हाई," ते म्हणायचे, "की जिचा बाप मी सांगू शकत न्हाई." म्हणजे ती कुणी बांधली, कुणाच्या हातची आहे ते. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की स्टँडवरचे फळवालेही गिऱ्हाइकाला ते पत्त्यासारखं सांगायचे. आणि याच वाक्यानं पुढं दाढेचा घोळ केला.

त्याला कारण आम्ही. आमचं एक पहाटेचं सायकल मंडळ होतं. सभासद तीन. एक दातांचे डॉक्टर. त्यांची सायकल इतकी हलकी की ते ती करंगळीवर उचलून दाखवायचे. उचलायचेच जास्त, चालवायचे कमी. दुसरे कृषी सेवा केंद्राचे शेठ. त्यांना शुगर निघाली म्हणून सायकल घेतली. तिला सत्तावीस गिअर, पैकी शेठ एकच वापरायचे. बाकीचे सव्वीस पाहुण्यांना दाखवायला. तिसरा मी, वडिलांच्या काळ्या सायकलवर. कुत्री आम्हा तिघांवर सारखीच भुंकायची, त्यामुळं मंडळात समानता होती.

एका रविवारी आम्ही पाटोदा ते गेवराई असा दौरा केला. तिघांच्याही स्टेटसला तसंच लिहिलं होतं. बीडपर्यंत आम्ही आणि सायकली शेठच्या खताच्या पिकअपमधून गेलो, ही गोष्ट स्टेटसमध्ये मावली नाही.

गेवराईच्या अलीकडं हायवेचा चढ लागतो. वाळूचे हायवा ट्रक धुरळा उडवत जात होते, शेठ उतरून सायकलला हात देत होते, डॉक्टर जिभेनं श्वास घेत होते, आणि तेवढ्यात आमच्या उजव्या अंगानं काहीतरी गेलं. डोक्याला टोपी, तोंडाला डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला पांढरा रुमाल, पाठीवर पिशवी, खाली तांबूस सायकल. आवाज म्हणून नाही. चढ असून पायडल असं फिरत होतं की जणू उताराला लागलंय.

"काय होतं बे ते?" शेठ म्हणाले.

गेवराईत पोचलो तर चहाच्या हॉटेलापुढं तीच सायकल लिंबाला टेकवलेली. माणूस कुठंच नाही. आम्ही तिला प्रदक्षिणा घातली. कंपनीचं नाव नाही, पट्टी नाही, चित्र नाही. रंग तांबूस, पण चमक कसली ती नाही. "यालाच मॅट फिनिश म्हणतात," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "खरे श्रीमंत लोक चमक टाळतात." मग ते चक्क मातीत उताणे झोपले आणि मोबाईलची बॅटरी लावून पायडलच्या खाली शिरले. तिथून त्यांची किंकाळी आली.

"नंबर! नंबर आहे! तीन छेद नऊ!"

ठिपक्या-ठिपक्यांनी लोखंडात कोरलेला: ३/९.

आम्ही फोटो काढले, आत जाऊन चहा सांगितला, आणि चहा येईपर्यंत सायकल गेलेली. नेणारा कुणाला दिसला नाही.

पुढचे तीन आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. नऊच सायकली बनवल्यात जगात, आणि त्यातली तिसरी गेवराईत चहाच्या हॉटेलापुढं! डॉक्टर म्हणाले, ही इटलीची. तिथं एक म्हातारा कारागीर दरसाल एकच सायकल करतो. शेठ म्हणाले, छ्या, ही अरबाची, नऊ बायकांसाठी नऊ केल्या असणार. मी म्हणालो, नळी विमानाची आहे. मोडलेल्या विमानाच्या पात्यातून काढलेली. हे मी सकाळी सातला म्हणालो. मोबाईलवरून ते पुण्याला गेलं, तिथल्या सायकलवाल्यांनी त्यात युद्धातलं विमान घातलं आणि दुपारी एकला ते मला परत आलं. स्वतःचीच थाप परगावहून आल्यावर मलाही ती पटली. बाकीच्या आठ कुठं असतील यावर तर शेठनं दुकानात नकाशा लावला. खत घ्यायला आलेला माणूस आधी नकाशात एक खूण करायचा, मग युरिया मागायचा.

फोटो घेऊन अप्पांकडं गेलो. त्यांनी मोबाईल हातात धरला, लांब केला, जवळ आणला.

"बोला अप्पा. हिचा बाप कोण?"

अप्पांनी मोबाईल उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "फोटूला पेचकस लागत न्हाई. सायकल आणा."

आणि त्याच आठवड्यात दाढ सुजली.

आता आली का पंचाईत ध्यानात? डॉक्टर म्हणत होते दाढ आजच काढली पाहिजे. अप्पांचं म्हणणं, दाढ काढली की ही सायकल ऐकायची राहिली, आणि ही राहिली की जन्मभराचं वाक्य खोटं. "अप्पाला एक सायकल वळखली न्हाई," हे रोज त्यांच्या दारावरून एसटीतून ये-जा करणार. एका बाजूला जबडा, एका बाजूला शब्द. अप्पांनी जबडा पणाला लावला. पेज पिऊन राहू लागले. अंगात कसर यायला लागली. काकू, म्हणजे अप्पांच्या मंडळी, आम्हा तिघांना भर स्टँडवर म्हणाल्या, "तुमीच ते खूळ आणलं, तुमीच सायकल आणा. न्हाई सापडली तर मला दुसरा अप्पा आणून द्या. हे कण्हून कण्हून भिंतीचा रंग उतरवायलंय."

आम्ही गेवराई गाठली. या वेळेला पिकअपमधूनच, आणि स्टेटस न टाकता. त्या चहाच्या हॉटेलात दोन रविवार ठाण मांडलं. डॉक्टरांचा हिशोब असा की तो चढ त्या वेगानं चढणारा माणूस सहा फुटी असणार, पोटऱ्या नारळाएवढ्या. त्यामुळं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गड्याच्या पोटऱ्या बघत बसलो. एकानं शेठला विचारलंसुद्धा, "काय हो, विकत घ्यायच्यात का?"

दुसऱ्या रविवारी दुपार झाली. हॉटेलच्या मागं शेळ्यांचा ओरडा चालला होता. मागं जाऊन पाहिलं तर जनावरांच्या दवाखान्यातली एक बाई शेळ्यांना लस टोचत होती. गुडघ्यांत शेळी, दातात सुईचं टोपण, तोंडावरचा पांढरा रुमाल गळ्यात उतरवलेला.

डॉक्टर पुढं झाले. "ताई, इथून सायकलवर एक माणूस जातो. उंचापुरा. तांबूस सायकल. पाहिलाय का?"

"न्हाई बा," ती म्हणाली. "असा माणूस न्हाई बघितला."

आम्ही वळलो. मी वळता वळता पाहिलं. शेळ्यांच्या पलीकडं, बाभळीला टेकवलेली, हँडलला लशीची पेटी लटकवलेली तीच सायकल.

"ताई! ही कुणाची?"

"माझी."

"मग तुम्ही नाही म्हणालात!"

"तुमी माणूस इचारला. सायकल कुठं इचारली?"

शेठ खालीच बसले. एका शेळीनं त्यांच्या खिशातला कागद खाल्ला. बहुतेक नकाशाचाच तुकडा असावा. डॉक्टरांनी एका श्वासात सगळं सांगितलं: इटली, अरब, पोटऱ्या, अप्पा, दाढ, पू, जबडा. इटली-अरबाला बाईचा चेहरा हलला नाही. दाढेला मात्र तिनं सुई खाली ठेवली.

"किती दिवस झाले सूज येऊन?"

"दहा-अकरा."

"आन तुमी हितं पोटऱ्या बघत बसलाव?" ती उठली. "एवढ्या सहा शेळ्या राहिल्यात. मग चला."

पाटोद्यात पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. स्टँडवर उभं राहायला जागा नाही. रसवंतीवाल्यानं चरक बंद केला होता. एक एसटी उभी होती; ती लागली होती की मुद्दाम थांबली होती ते कुणी विचारलं नाही. अप्पा अंगाभोवती घोंगडी घेऊन बसले होते, डोळे तापानं लाल. सायकल पिकअपमधून उतरताना पाहिली आणि घोंगडी गळून पडली.

"ये माय," ते त्या बाईला म्हणाले. "कुठल्या गावची?"

"ते मी सांगायचं न्हाई ना अप्पा," ती म्हणाली. "तुमी सांगायचं."

गर्दीतून शिट्टी पडली. अप्पांच्या सुजेत हसू मावेना.

विभूतीची तीन बोटं हँडलवर ओढली. सायकल उलटी केली. पेचकसाचं टोक एक्सलला लावलं आणि मूठ त्या दाढेखाली, त्या पुवानं भरलेल्या, ठणकणाऱ्या दाढेखाली धरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डॉक्टरांनी तोंड फिरवलं. दातांचा डॉक्टर असून त्यांना बघवेना. अप्पांनी चाकाला टिचकी मारली. चाक फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. मी घड्याळ लावून बसलो नव्हतो, पण तेवढ्यात सावली भिंतीवरून पायरीवर आली. एवढा जमाव, आणि शेजारच्याची लाळ गिळल्याचा आवाज यावा अशी शांतता. अप्पांचे किलकिले डोळे सायकलभर फिरत होते. पुढून मागं, वरून खाली, पुन्हा पुढं.

मग त्यांनी मूठ तोंडातून काढली.

"ही इटलीची न्हाई," ते म्हणाले. डॉक्टर कळवळले. "आरबाची न्हाई." शेठ कळवळले. "इमानाची तर आजिबात न्हाई. हा रंग बी न्हाई. रंग द्यायच्या आदी लोखंडाला लावतेत तो रेड ऑक्साईडचा हात हाय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मारतेत तो. वरचा रंग द्यायचाच राहिला."

"मॅट फिनिश," डॉक्टर पुटपुटले, पण त्यात जीव नव्हता.

"बांधणारा सायकलवाला न्हाई. पेरणीयंत्रं करणारा हाय. हरेक नटाला आडवी पिन मारलीय, ढेकळात हादरे बसतेत तिथं मारतेत तशी. गडी डावखुरा हाय, वेल्डिंगचे पदर उलटे चढलेत. नंबर कारखान्यातला न्हाई. भांड्यावर नाव घालणाऱ्या माणसाकडून ठोकून घेतलाय, ताटावर ठिपके असतेत तसेच हायती." ते थांबले, घोटभर पाणी उजव्या बाजूनं प्याले. "आन त्यानं जन्मात सायकल चालवली न्हाई. चालवणारा घंटी अंगठ्यापाशी बसवतो. ह्यानं मधोमध बसवलीय, देवळासारखी."

बाईच्या तोंडाचा आ झालेला.

"पर धारा बघा. एक धार टोचत न्हाई, सगळ्या घासून गोल केल्यात. चेनीला वरून-खालून पत्रा, वढणी जायला नगं म्हणून. लेकीसाठी केलीय ही." अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. "तुझा बाप हाय. गाव केजकडचं, तुझ्या बोलण्यावरून. चुकलं आसंल तर आत्ता सांग, मी दुकानाला कुलूप लावतो."

"युसूफ वडगाव," ती म्हणाली. "अण्णा पेरणीयंत्रं करतात. डावखुरेच हायेत."

स्टँड उडालं. एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला नाही. रसवंतीवाल्यानं चरक सुरू केला आणि उसाऐवजी आपला गमछाच आत घातला.

या गोंधळात शेठ काकुळतीला येऊन विचारत होते, "पण ताई, नऊच का? जगात नऊच का?"

"आमी बहिणी-बहिणी नऊ. अण्णा आन दोन चुलते, तिघांच्या मिळून. कुणाला कॉलेज लांब, कुणाला नोकरी लांब. मला स्कूटी नगं, तिच्या आवाजानं शेळ्या उधळतात. सगळ्या सायकली सारख्याच झाल्या, मग तुझी का माझी म्हणून भांडणं लागली. म्हणून नंबर घातले."

"आणि खाली नऊ?"

"गावातले लोक मागायला यायलते, आमच्या पोरीला बी एक करा म्हणून. अण्णा एकेकाला न्हाई म्हणून बेजार झाले. खाली नऊ घातल्यावर, म्हंजे नऊवर काम बंद, कुणी दारात येईना."

"आणि ते स्वतः कधीच बसले नाहीत सायकलवर?" मी विचारलं.

"भीती वाटते त्यांना."

मग अप्पांनी आपणहून डॉक्टरांपुढं मान तुकवली. "चला. शब्द म्हंजे शब्द." पण दवाखान्यातल्या त्या लांबट खुर्चीत बसल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली. डॉक्टरांच्या हातात सुई दिसली तशी त्यांनी त्या बाईला हाक मारली, "माय, तू धर मला." तिनं बैलाचं मुस्कट धरावं तसं त्यांचं डोकं काखेत धरलं आणि म्हणाली, "बैल असता तर मीच काढली असती अप्पा, पाचव्या दिवशीच." दाढ निघाली. तिची मुळं, मी सांगतो, पेचकसाएवढी लांब होती. निघताना दवाखान्यातला दिवा एकदा बारीक झाला. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर मी हात लावला नसता.

आठ-दहा दिवसांनी दुकानात गेलो. सूज उतरली होती, चेहरा दोन्ही बाजूंनी एकाच माणसाचा दिसत होता. तोंड मात्र पार मोकळं. अप्पा एका सायकलच्या पुढच्या चाकावर काम करत होते. पेचकस हातात नव्हता, तोंडातही नव्हता. समोर तिघे-चौघे उभे राहून एकाच वेळी बोलत होते. कुणी म्हणत होता टायर बदला, कुणी म्हणत होता रिम वाकडी आहे, एक जण तर अप्पांना विमानाच्या नळीची गोष्ट सांगत होता. ती कुठून निघाली ते मी सांगितलं नाही.

माणसाचा कानच काढून घेतला आम्ही, असं वाटलं. लोक पांगल्यावर जवळ बसलो.

"अप्पा, वाईट वाटतं. दाढ गेली. आता ऐकणार कसं?"

"काय ऐकायचं?"

"छर्रे. दातानं."

"दातानं कुठं ऐकू येतंय मास्तर?" अप्पांनी छर्रे तळहातावर घेऊन एकेक पाहिला, फुटका तेवढा बाजूला काढला. "डोळ्यानं दिसतंय की सगळं."

मी तो फुटका छर्रा उचलून डोळ्यापाशी धरला.

"मग इतकी वर्षं तो पेचकस दाताखाली कशासाठी धरायचात? त्या दाढेपायी जबडा जायची वेळ आली होती!"

अप्पांनी छर्ऱ्यांना वंगण लावलं.

"तेवढा येळ लोक गप बसायचे."